कागदाबाहेरचा ठिपका

शाळेत त्यांना सगळे अंदाजेसर म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत आणि सहकारी तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, कारण हे नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. वर्गात आले की ते टेबलावर गोट्यांची बरणी ठेवत आणि म्हणत, "किती असतील? मोजू नका. आधी अंदाज." मग बरणी उपडी करून मुलांकडून गोट्या मोजून घेत. त्यांचा एकच नियम होता, अंदाज पेन्सिलीनं लिहायचा आणि मोजमाप शाईनं. एखाद्याचं गणित चुकलं तर ते हसून सोडून देत. न मोजता शाईनं लिहिलेला आकडा सापडला, की मात्र त्यांचे कान लाल होत.

घरीही हे चालेच. त्यांची बायको कपडे शिवायची. खांद्यावर टेप, तोंडात टाचण्या, अशा अवस्थेतही ती टोमणा मारायला चुकत नसे. "आमचं काम मापाचं. तुमचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे."

"अगं, माप घेण्याआधी गिऱ्हाइकाकडे बघून तू मनात काय धरतेस? तो अंदाजच."

"मी मनात काय धरते ते सांगितलं तर गिऱ्हाईक परत येणार नाही."

गणिताच्या पुस्तकात सांख्यिकीचे दोन धडे अगदी शेवटी असत. बाकीचे शिक्षक ते परीक्षेच्या तोंडावर कसेबसे उरकत. अंदाजेसर वर्षाची सुरुवातच तिथून करत. ते म्हणत, "त्रिकोण आयुष्यात पुन्हा भेटेल की नाही सांगता येत नाही. पण दहातले नऊ लोक आमचाच साबण वापरतात, असं सांगणारा रोज भेटेल. त्याला विचारायचं, बाबा रे, हे दहा जण तू कुठून आणलेस?" आणि शितावरून भाताची परीक्षा होते असं कुणी म्हणालं, की विचारत, "शीत कुठून उचललंस? वरचं कच्चं असतं आणि तळाचं करपलेलं."

त्यांची एक निळी वही होती. ती वर्गात कधी आली नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक हुशार मुलगा शाळा सोडून गेला होता. जाताना त्याचे वडील म्हणाले होते, "पुढच्या वर्षी पाठवतो." तो आला नाही. तेव्हापासून जो कुणी 'पुढच्या वर्षी' म्हणून जाई, त्याची नोंद सर या वहीत करत. सत्तावीस वर्षांत एकोणीस नोंदी झाल्या होत्या. परत आले होते दोन.

त्या वर्षी आठवीच्या वर्गात सत्र अर्धं झाल्यावर एक मुलगी आली. नाव घालायला तिची आई आली होती. लोकांचे कपडे इस्त्री करून देणारी, मनगटापाशी भाजल्याचे जुने डाग असलेली बाई. बोलताना तिला दोनदा खोकल्यासाठी थांबावं लागलं होतं. वडील परगावी, एवढंच तिनं सांगितलं. मुलगी शेवटच्या बाकावर खिडकीशी बसू लागली. विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची आणि गप्प व्हायची. त्या वर्गात बाकीच्या एक्केचाळीसजणांना टोपणनावं होती. तिला पडलं नाही. वर्गात टोपणनाव न पडणं म्हणजे कुणाचं लक्षच न जाणं. हे सरांना कळत होतं, पण जरा रुळू दे, मग बघू, असं म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

दर वर्षी सर एक तक्ता करून घेत. घरापासून शाळेपर्यंत यायला किती मिनिटं लागतात ते प्रत्येकानं पाच दिवस घड्याळ लावून मोजायचं आणि त्याची सरासरी काढायची. तपकिरी कागदाच्या लांब पट्टीवर सेंटिमीटरला एक मिनिट धरून रेघा आखलेल्या असत. प्रत्येकानं पट्टीनं मोजून आपल्या आकड्यावर एक लाल कागदी ठिपका चिकटवायचा. काम देताना सर नेहमी म्हणत, "माणसाला कधी कधी बोलता येत नाही. तेव्हा आकडा बोलतो. म्हणून खोटा आकडा लिहायचा नाही. आणि आकडा मोठा आला तर घाबरू नका, त्याचे तुकडे करून मागच्या पानावर मांडा."

हे ते इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हणाले होते, की म्हणताना त्यांचं स्वतःचं लक्ष फळ्यावरच्या खडूकडे असे.

त्या वर्षी शाळांचं प्रदर्शन होतं. तक्ता दुपारपर्यंत पाठवायचा होता. मुख्याध्यापिका बाई सकाळपासून दोनदा दारात येऊन गेल्या होत्या. "सर, गाडी दोनला येणार आहे. तुमच्या अंदाजानं नाही, घड्याळाच्या दोनला." सर एरवी प्रत्येक वहीचं मागचं पान उलटून बघत. त्या दिवशी त्यांनी वह्या उघडल्याच नाहीत. मुलं एकेक करून पुढे येऊन ठिपके चिकटवत गेली.

शेवटी ती मुलगी उठली. कागद साठ मिनिटांवर संपत होता. तिनं पट्टी काढली, कागदाच्या कडेला लावली, एक खूण केली, पुन्हा लावली, पुन्हा खूण केली. असं करत ती भिंतीवरून सरकत विजेच्या बटणांपर्यंत गेली आणि बटणांच्या फळीखाली, उघड्या भिंतीवर, तिनं आपला ठिपका चिकटवला.

वर्गात एक मुलगा होता, सतत चालू असायचा म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत, तो ओरडला, "सर, हिचं घर बटणात आहे!"

हास्याचा स्फोट झाला. सरांनाही हसू आलं. त्यांनी विचारलं, "किती गं?"

"एकशे पंचवीस, सर."

"मिनिटं?"

"हो."

"दोन तास पाच मिनिटं?" रेडिओ म्हणाला. "गोगलगायीवर बसून येते काय?"

सरांनी हजेरीपटातला पत्ता पाहिला. शाळेच्या मागची तिसरी गल्ली. आठ मिनिटं, फार तर दहा. ते म्हणाले, "हे कसं झालं असेल, सांग बघू."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली.

सर तिच्यावर रागावले नाहीत, हे सांगायला हवं. ते तिच्याशी प्रेमानंच बोलले. एवढंच की त्यांना एक चांगला धडा सापडला होता आणि चांगला धडा सापडला की शिक्षकाला दुसरं काही दिसत नाही. वर्गाकडे वळून ते म्हणाले, "बघा, असा एकच आकडा सगळ्यांपासून दूर पडला, तर आधी काय शोधायचं? चूक. बाकीच्या एक्केचाळीस जणांची सरासरी सोळा मिनिटं आहे. हा एक ठिपका धरला तर ती जवळजवळ एकोणीस होते. एक चुकीची नोंद सगळ्या वर्गाला लांब राहायला पाठवते."

मग त्यांनी नखानं तो ठिपका उचकटला. त्याच्याबरोबर भिंतीच्या रंगाचा पापुद्रा निघून आला.

"चूकच झाली असणार ना, बाळ?"

"हो, सर," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. अतिशय नेटका आणि सुबक तक्ता, असा शेरा परीक्षकांनी दिला होता. बाईंनी तो परत आणून वर्गात त्याच जागी लावला. एक्केचाळीस ठिपके, आणि भिंतीवर बटणांच्या फळीखाली नखाएवढा पांढरा खड्डा.

तीन आठवड्यांनी ती मुलगी यायची बंद झाली. हजेरी घेताना सर तिच्या नावापाशी थांबत आणि पुढे जात. बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या वस्तीतली एक म्हातारी शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. तिच्या हातात पिशवी होती. "ही शाळेची पुस्तकं. पोरीनं जाताना बजावलं होतं, शाळेची आहेत, परत करायची म्हणून."

"जाताना म्हणजे? कुठे गेली?" सरांनी विचारलं.

"मावशीकडे. आई गेली ना तिची."

सर उठून उभे राहिले. म्हातारी त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? अहो, दोन महिने दवाखान्यात होती बाई. गावाच्या पार त्या टोकाला. घरात ही आणि हिचा चार वर्षांचा भाऊ. सकाळी त्याला माझ्याकडे सोडायची, आईला डबा द्यायला जायची आणि तिकडून शाळेत. आईनं बजावलं होतं, घरात तू एकटी असतेस हे कुणाला सांगू नकोस. मुलीची जात आहे. म्हणून मीही गप्प राहिले. पण शाळेत तरी..." पिशवी टेबलावर ठेवून ती निघून गेली.

पुस्तकांच्या खाली चुकून गणिताची वही आली होती. सरांनी मागचं पान उघडलं. वर बारीक अक्षरात, शाईनं, पाच दिवसांचे आकडे होते. एकशे एकवीस. एकशे अठ्ठावीस. एकशे चोवीस. एकशे तीस. एकशे बावीस. बेरीज सहाशे पंचवीस, भागिले पाच. खाली सरासरीचे तुकडे मांडलेले होते.

घर ते आजी (भाऊ) ११
आजी ते थांबा ६
बस ३८
दवाखाना, थांबणे (आईची वेणी) २७
बस ३८
थांबा ते शाळा ५

सरांनी बेरीज केली. गरज नव्हती, तरी केली.

मग त्यांनी बाकीच्या एक्केचाळीस वह्या मागवून घेतल्या. दहा, पंधरा, वीस, पंधरा, दहा. जवळजवळ प्रत्येक आकडा शून्यावर किंवा पाचावर संपत होता. घड्याळ पाहून मोजलं तर कुणी रोज नेमकं पंधरा मिनिटांत येत नाही. ते अंदाज होते आणि शाईनं लिहिलेले होते. पाच दिवस खरोखर मोजलेलं फक्त तिघांनी. बेचाळीस ठिपक्यांतला सगळ्यात खरा ठिपका त्यांनी स्वतःच्या नखानं काढला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शिवणयंत्र थांबवलं.

"माप बसलं नाही तर मी कापड उसवते," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला नाही म्हणत, तुमचा खांदाच चुकलाय."

ती हे टोचण्यासाठी म्हणाली नव्हती. तिच्या तोंडात आज टाचण्याही नव्हत्या. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "मावशी कुठे राहते, पत्ता काढता येईल?"

दुसऱ्या दिवशी सर पहाटे उठले. मुलीच्या गल्लीत, तिच्या कुलूप लावलेल्या दारापाशी ते घड्याळ बघून उभे राहिले आणि निघाले. आधी म्हातारीच्या दारात गेले. तिच्याकडून मावशीचा पत्ता लिहून घेतला. मग थांबा आणि बस. दवाखान्यात बायकांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर ते सत्तावीस मिनिटं बसले. एवढ्या वेळात एक वेणी घालून होते आणि डबाही उघडून देता येतो, पण जेवण संपत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. परत बस. शाळेच्या फाटकात त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. एकशे एकतीस. पोरीच्या पायांपेक्षा सहा मिनिटं जास्त.

वर्गात जाऊन त्यांनी तक्त्याला नवा कागद जोडला, बटणांच्या फळीपर्यंत. पट्टीनं मोजून ठिपका लावला. तो बरोबर त्या खड्ड्यावर बसला. सरांनी मुलांना सगळं सांगितलं नाही. ते तिचं होतं. इतकंच म्हणाले, "मोजणाऱ्याचं बरोबर होतं. चूक माझी होती." रेडिओनं मान खाली घातली आणि त्या दिवशी तो बंदच राहिला.

त्यांनी बाईंकडून शाळा सोडल्याचा दाखला लिहून घेतला. हा कागद नसला तर कुठलीच शाळा तिला घेणार नव्हती, आणि मावशीनं तो मागितला नव्हता. सरांना आता एकच हवं होतं. तिनं कुठल्या तरी शाळेत, कुठल्याही बाकावर, याच वर्षी जाऊन बसावं. सुट्टीच्या दिवशी ते वही आणि दाखला घेऊन तीन तासांच्या गावी गेले.

मावशी एका गोदामात खोकी बांधायच्या कामावर होती. सुट्टीचं दिवसभराचं धुणं तिच्यापुढे पडलेलं. तिनं सरांना खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. आतल्या खोलीत तिचे अंथरुणाला खिळलेले सासरे कण्हत होते. मुलगी त्यांना पाणी पाजून बाहेर आली. सरांना पाहून तिनं सवयीनं हात मागे बांधले, वर्गात उभी राहावी तशी.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "माझी बहीण दोन महिने पडून होती. पोर रोज तुमच्यासमोर बसत होती. कुणाला कसं कळलं नाही हो? हिला विचारलं तर म्हणते, मी सरांना सांगितलं होतं."

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "तोंडानं नाही सांगितलं. तक्त्यात सांगितलं."

सरांनी वही तिच्यापुढे धरली. मग मावशीला दाखला दिला. गावातल्या शाळेचं नाव दिलं, तिथल्या शिक्षकांना आपण पत्र लिहू म्हणाले, पुस्तकं आपण पाठवू म्हणाले. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. ती वाईट बाई नव्हती. हात धुऊन, पदराला पुसून तिनं दाखला घेतला आणि घडी न मोडता फळीवरच्या डब्याखाली ठेवला.

"मलाही वाटतं हो सर. पण मी सकाळी सातला जाते. म्हाताऱ्यांना कोण बघणार? हा लहानगा कुणाकडे? थोडं सावरू दे. पुढच्या वर्षी नक्की पाठवते."

सरांच्या कानांत ते दोन शब्द बराच वेळ राहिले.

मुलगी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला आली. भावाला तिनं कडेवर घेतलं होतं. चालताना सर तिला म्हणाले, "मी तुझ्या वाटेनं जाऊन आलो. मला एकशे एकतीस लागली."

"तुम्ही दुसऱ्या थांब्यावर उतरला असाल, सर. अलीकडच्या थांब्यावर उतरून गल्लीतून गेलं की सहा मिनिटं वाचतात."

सर खूप दिवसांनी हसले. मग म्हणाले, "तुझा ठिपका परत लावलाय. कागद वाढवला. एकशे पंचवीसवर."

तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आता तो काढा, सर."

"का गं?"

"तक्ता घरापासून शाळेपर्यंतचा आहे ना. मी आता शाळेत येत नाही."

ती हे रागानं म्हणाली नाही. सरांनी शिकवल्याप्रमाणे, कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही ते नीट ठरवून म्हणाली. बस आली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चढले. त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बस वळेपर्यंत त्यांना मान वळवता आली नाही.

ठिपका त्यांनी काढला नाही. वर्षाखेरीस तो तक्ता गुंडाळून घरी नेला. पुढच्या वर्षीपासून ते तक्ता लावला की मुलांना आधी एकच प्रश्न विचारत, "या कागदावर कोण नाही?" मुलं गैरहजर मुलांची नावं सांगत. सर म्हणत, "आणखी?" वह्यांचं मागचं पान ते आता सगळ्यात आधी बघत आणि गाडी दोनला येणार असली तरी बघत.

नवं शालेय वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांनी त्या गावच्या शाळेला पत्र लिहिलं. कारकुनाचं उत्तर आठ दिवसांत आलं. या नावाची विद्यार्थिनी आमच्या शाळेत दाखल झालेली नाही. सरांनी मावशीलाही पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी शाळेला पुन्हा लिहिलं. कारकून तोच होता, उत्तरही तेच होतं.

त्या दुपारी सरांनी कपाटातून निळी वही काढली. बायको समोर बसून काज करत होती. एकोणिसाव्या नोंदीखाली त्यांनी विसावा आकडा घातला आणि पेन उचललं. मग पेन खाली ठेवून ते खिसे चाचपू लागले.

"काय हवंय?" बायकोनं विचारलं.

"पेन्सिल."

तिनं वहीकडे पाहिलं. वरच्या एकोणीस ओळी निळ्या शाईत होत्या. कापडावर खुणा करायची आपली पेन्सिल तिनं कानामागून काढून त्यांच्या हातात दिली.

सरांनी मुलीचं नाव लिहिलं. पुढे 'परत आली / आली नाही' असा रकाना होता. तो त्यांनी रिकामा ठेवला.